मंगळवारची दाढी

माणसाचं सगळं खोटं असू शकतं. नाव खोटं, वय खोटं, दात तर आताशा बहुतेकांचे खोटेच. पण चेहरा खोटा असू शकत नाही. चेहरा हा माणसाच्या सत्याचा शेवटचा किल्ला आहे, असं शिवशंकर निंबर्गे यानं मंगळवारी सकाळी जाहीर केलं. जाहीर करताना त्याच्या गळ्याभोवती गुलाबी कापड गुंडाळलेलं होतं, मिशीचे कातरलेले केस ओठांवर सांडत होते, आणि एकुलता एक श्रोता जो अमरेश, त्याच्या एका कानात इअरफोन होता. 'किल्ला' म्हणताना दोन केस जिभेवर गेले. शिवशंकर थू थू करून ते काढत बसला आणि किल्ला तेवढ्यापुरता बिनपहाऱ्याचा राहिला.

तसं पाहिलं तर अमरेशच्या त्या काचेच्या दाराच्या, गार हवेच्या पार्लरात जायचं शिवशंकरला काही कारण नव्हतं. त्याची दाढी माणिकप्पाची होती. केस शिवशंकरचे, पण दाढी माणिकप्पाची. दहा-बारा वर्षांत तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. पण आज मंगळवार, आणि मंगळवारी गुलबर्ग्यातली जुनी केशकर्तनालयं बंद. नवी पार्लरं तेवढी उघडी. त्यांना वार नसतो, त्यांना फक्त एसी असतो. आणि आजच दुपारनंतर फोटोवाला येणार होता. शिवशंकरचं सुपर मार्केटच्या मागं चष्म्याचं दुकान. त्यावर नवा बोर्ड लागायचा होता, आणि त्या बोर्डावर, तीन भाषांतल्या अक्षरांच्या शेजारी, मालकाचा हसरा चेहरा हवा, असं खुद्द मालकानंच ठरवलं होतं. चेहऱ्याला शोभेल तो चष्मा, हे त्याचं ब्रीद. गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम, लांबट चेहऱ्याला रुंद, कपाळ मोठं असेल तर वरची कडा जाड. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत शिवशंकरनं त्याचा चेहरा मोजून घडी करून ठेवलेला असायचा. आणि एक गोष्ट त्याला माहीत होती, जी गिऱ्हाइकाला तो कधी सांगत नसे: कुठल्याच माणसाचे दोन कान एका उंचीवर नसतात. फ्रेम सरळ बनवून येते, माणूस तसा येत नाही. म्हणून प्रत्येक चष्म्याची एक काडी शिवशंकर काउंटरखाली, गरम वाळूत धरून, किंचित वाकवायचा. मग आरसा पुढं करायचा आणि म्हणायचा, बघा, कसा सरळ बसला. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. आपला कान खाली आहे हे त्याला जन्मात कळायचं नाही.

"झालं सर," म्हणत अमरेशनं खुर्चीची पाठ उभी केली, गुलाबी कापड झटकलं, आणि शिवशंकरनं आरशात पाहिलं. आरशात जो माणूस बसला होता त्याचं तोंड उजवीकडं निघालं होतं. निघालं होतं म्हणजे अगदी गावाला निघाल्यासारखं. उजवा कोपरा पुढं, आणि डावा कोपरा मागं राहिलेला, थकलेला, खाली लोंबणारा. एका खिळ्यावरून सुटलेल्या फोटोसारखं ते तोंड दाढीच्या नीटस चौकटीत तिरकं लटकत होतं. डाव्या गालाचं मांस ओघळून जबड्यावर बसलं होतं. शिवशंकरनं तोंड मिटलं. त्यानंही मिटलं, पण अर्धंच.

"हे काय केलास?"

"काय सर?"

"तोंड वाकडं केलास की माझं!"

अमरेशनं इअरफोन काढला. तो हैदराबादला शिकून आलेला तिशीचा माणूस, असले आरोप त्याच्या शिक्षणात नव्हते. "सर, तोंडाला मी हातच लावलो न्हाई. दाढी केलो." मग त्याचाही स्वाभिमान जागा झाला असावा. त्यानं भुवया कोरायचा दोरा काढला, एक टोक दातात, दुसरं बोटात, आणि मिशीच्या दोन टोकांवर ताणून धरला. दोरा आडवा, सरळ. मग नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत उभा धरला, तोही सरळ. "बघा. दोन्हीकडं सेम. ओव्हल फेसला असंच पायजे." दोरा गुंडाळता गुंडाळता तो सहज म्हणाला, "पहिली दाढीच वाकडी होती सर तुमची. शेंडा बोटभर डाव्या अंगाला. मिशी उजवीकडं खाली उतरवलेली, डावीकडं वर चढवलेली. मला वाटलं, ज्यानं केली त्याचा हात कापत असंल."

माणिकप्पाचा हात कापत नाही. माणिकप्पा तंबाखू मळताना, भांडताना, आपल्या जावयाला शिव्या देताना एकाच वेळी वस्तरा फिरवतो आणि रक्ताचा टिपूस येत नाही. तो हात वाकडा गेला असेल तर वाकडा नेला म्हणूनच गेला असेल. हा विचार शिवशंकरला खुर्चीतून उठताना आला, आणि उठताना त्याला उगाच वाटलं की फरशीही जराशी तिरकी आहे.

रस्त्यावर ऊन पांढरं झालं होतं. शाहाबादी फरश्यांवरून ते उसळून डोळ्यांत येत होतं. शिवशंकर रुमाल तोंडावर धरून चालला; लोकांना वाटलं, धूळ. ओळखीचा फळवाला म्हणाला, "नमस्कार सावकार." काल हा नमस्कार साधा होता. आज शिवशंकरला त्यात एक बारीक कीव दिसली, सीताफळाच्या बीसारखी गुळगुळीत, गरात लपवलेली. हा मला रोज बघतो. ह्याला माहीत असणार. त्या रिक्षावाल्याला, बँकेतल्या बाईला, देवळापुढं फुलं विकणाऱ्या म्हातारीला. म्हणजे आपण इतकी वर्षं एका अख्ख्या शहरासमोर तोंड घेऊन हिंडत होतो आणि शहर गप्प होतं. शहर गप्प बसू शकतं हेच त्याला नवीन होतं. ह्या गावात एखाद्याच्या घरी पाहुणा आला तर तो चप्पल काढायच्या आत गल्लीला कळतं. तेच गाव दहा-बारा वर्षं एक वाकडं तोंड पोटात ठेवतं, म्हणजे कुणीतरी ठेवायला सांगितलेलं असणार.

आणि ते वर्ष मनात आलं. ते येऊ नये म्हणून त्यानं फार काळजी घेतली होती. पण घामानं भिजलेल्या रुमालाच्या वासासकट ते आलंच. उदगीरहून पाहुण्यांचं लग्न आटोपून सगळे परतत होते. रात्रभर बसची खिडकी उघडी. डाव्या कानावर वारं, गार, एकसारखं, कुणीतरी कानात गोष्ट सांगत असल्यासारखं. सकाळी दुकानात पहिल्या गिऱ्हाइकाला तो म्हणायला गेला 'फ्रेम', आणि तोंडातून नुसती हवा निघाली. पुन्हा म्हणाला. पुन्हा हवा. चष्म्याच्या दुकानदाराला फ्रेम म्हणता येईना, हा विनोद दैवानं केला होता आणि हसायला अर्धंच तोंड शिल्लक ठेवलं होतं. डावा डोळा मिटेना. अंघोळीला साबण लावला की तो डोळा साबणाकडं टक लावून बघत बसायचा. डॉक्टर म्हणाले, नस आहे, येईल हळूहळू. पाहुणे म्हणाले, कबुतराचं रक्त लावा. निंबर्ग्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या कांदा-लसणालासुद्धा दबकून असणाऱ्या घरात कबुतर कुठून आणायचं, यावर बैठक बसली, आणि एका चुलत्यानं नुसतं कबुतर दाखवून आणलं तर चालेल का, असाही ठराव मांडला. शिवशंकर ह्या सगळ्यात भिंतीकडं तोंड करून पडला होता. घरातले आरसे त्यानं उलटे केले. दुकानात तर चारी भिंतींना आरसे, म्हणून दुकान बायकोवर, ज्योतीवर टाकलं. ज्योती फ्रेमा विकायला शिकली. माणिकप्पा घरी यायचा, अंधाऱ्या खोलीत, दाढी वाढू द्यायचा, कडा तेवढ्या कोरायचा. आणि मग एका सकाळी त्यानं खिशातून हातआरसा काढला, शिवशंकरच्या पुढं धरला आणि म्हणाला, "बघा सावकार, आलं जागेवर." खरंच आलं होतं. दाढीतलं, भरदार, सरळ तोंड. शिवशंकर रडला. ज्योती रडली. शरणबसवेश्वराच्या देवळात पेढे वाटले. आता उन्हात उभं राहून त्याला ते पेढे आठवले, ते खाणारे आठवले. तेवढी सगळी माणसं, हातात पेढा, समोर वाकडं तोंड, आणि एकेक जण म्हणतोय, अगदी पहिल्यासारखं झालं हो!

माणिकप्पाचं घर त्याच्या बंद दुकानामागंच. सुट्टीच्या दिवशी माणिकप्पा कट्ट्यावर बसलेला असायचा, स्वतःची दाढी न केलेला, बनियनवर. "बर्री सावकार, कूड्री," म्हणत त्यानं बसायला शेजारची जागा हातानं झाडली, आणि मग शिवशंकरनं रुमाल खाली घेतला. माणिकप्पानं बघितलं. तो घाबरला नाही. त्याचा चेहरा असा झाला, जसा एखाद्या शिंप्याचा आपण शिवलेला कोट दुसऱ्यानं उसवलेला बघून होतो.

"कोण केला हे?" तो म्हणाला. "कुठल्या गाढवानं?"

"तू माझी दाढी वाकडी करतोस?"

"व्हय."

इतकं सरळ उत्तर शिवशंकरला अपेक्षित नव्हतं. निदान 'म्हंजे काय सावकार?' असं एक वाक्य तरी मध्ये यायला हवं होतं. "कामून?" तो म्हणाला.

"तोंड पुरतं आलं न्हवतंच की. बारा आणे आलं, चार आणे ऱ्हायलं. डॉक्टर म्हणले, आता एवढंच. मग ते चार आणे मी दाढीत घेतलो. शिंपी न्हाई का, कापड कमी पडलं की शिलाईत घेतोय." माणिकप्पाला आता सांगायला हुरूप आला. त्यानं हवेत बोटांनी दाढी काढून दाखवली. "शेंडा तिकडं न्यायचा, जिकडं तोंड जायला तयार न्हाई. डावी मिशी वर उचलून कोपरा झाकायचा. लई अवघड काम हाय. आमच्या नाभिक संघाच्या मीटिंगीत तुमचा फोटो दाखवलो मी. अलीकडून काढलेला, पलीकडून काढलेला. समदे वा म्हणले."

"संघाच्या मीटिंगीत!"

"नाव न्हाई सांगितलो," माणिकप्पा दुखावून म्हणाला. "पण ओळखले तुमाला."

शिवशंकर खाली बसला. कट्ट्याचा दगड तापला होता. शहर, आणि आता शहरातले सगळे वस्तरे. "मला सांगायचं न्हाई एकदा तरी?"

"ज्योतीअक्का नको म्हणल्या," माणिकप्पा म्हणाला. मग आपण काहीतरी सांडलं हे त्याच्या लक्षात आलं, आणि सांडलेलं झाकायला त्यानं आणखी सांडलं. "दर पंधरा दिवसाला फोन करत्यात. ह्या बारीला गालावर जरा जास्त ठेवा अण्णा, ते बारीक झाल्यात. ह्या बारीला लग्नाला जायचंय, उजवी बाजू बघा. म्या म्हणतो, अक्का, तुमी काळजी करू नका."

घराकडं जाताना शिवशंकर घाईनं चालत होता की मुद्दाम सावकाश, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. त्याच्या डोक्यात ज्योती मागं मागं जात होती, एकेक वर्ष. ज्योती लग्नाकार्यांतल्या फोटोंत कायम त्याच्या डाव्या हाताला उभी. त्याला वाटायचं, बायकोची जागा ती. ज्योतीनं मोरीतली ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला. तो म्हणाला होता, काटकसरी आहेस. हा जाड काळ्या काडीचा चष्मा त्यानं स्वतः निवडला होता; नाही, लेकीनं, स्नेहानं पुढं केला होता, पुण्याहून सुट्टीला आली तेव्हा, आणि ज्योती म्हणाली होती, हाच. सगळ्या गुलबर्ग्याचे चष्मे निवडणाऱ्या माणसाचा चष्मा ह्या दोघींनी निवडला. म्हणजे त्याच्या तोंडावर जे जे होतं, केस, काच, उजेड, ते सगळं कुणी ना कुणी ठेवलेलं होतं. त्याचं स्वतःचं तेवढं ते चार आणे. गरम वाळूत धरलेल्या काड्या त्याला आठवल्या आणि त्यानं त्या लगेच बाजूला सारल्या. ती गिऱ्हाइकं होती. गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी. मी नवरा आहे. असा युक्तिवाद करत तो कोपऱ्यावर वळला, आणि त्याला वाटलं, गिऱ्हाइकाला निदान चष्मा बदलून मागता येतो.

ज्योती सोप्यात ताटात तूर निवडत बसली होती. तिनं मान वर केली. तिच्या हातातले दाणे ताटात पडले, आवाज न करता पडले. त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्याकडं बघताना ती नेहमी किंचित मान कलती करत असे. आज सरळ बघत होती.

"आज मंगळवार की हो," ती म्हणाली. "कुठं गेलाव?"

"म्हणजे तुला माहीत हाय."

"काय?"

"तेच, जे संघाला माहीत हाय. फळवाल्याला माहीत हाय. मी सोडून समद्या जगाला." तो उभाच होता. "स्नेहाला?"

"व्हय."

"शेजाऱ्यांना?"

"त्यांना मी काही सांगितलं न्हाई. त्यांना डोळे हायत."

"कामून केलीस असं? मी काय लहान लेकरू हाय? माझं तोंड मला बघायचा हक न्हाई?"

ज्योतीनं ताट बाजूला ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तवा तुमी स्नेहाकडं पाठ करून जेवायचाव. लेकरू मला इचारायचं, बाबा माझ्यावर रागावलेत का. डोळ्याला फडकं बांधून निजायचाव. डॉक्टर मला बाहेर बोलवून म्हणले, ह्याच्या पुढं न्हाई सुधरायचं. मी आत आले तर तुमी इचारलाव, काय म्हणले? मी म्हणले, येईल म्हणले. एवढंच एक खोटं बोलले मी. बाकीची त्याच्यामागनं आपोआप येत गेली. त्याला मी काय करू? माणिकप्पाअण्णांनी आरसा धरला त्या दिवशी तुमी हसलाव. अर्धंच हसलाव. पण वर्षानं हसलाव. मग मी कशाला बोलू? तुमी सांगा, तुमी बोलला असताव?"

ह्यावर उत्तर होतं, आणि ते गरम वाळूत पुरलेलं होतं. ते उकरायची त्याची इच्छा नव्हती. फसवणूक ती फसवणूक. त्याला असं वाटत होतं की आपण इतकी वर्षं एका घरात नव्हे तर एका मोठ्या नाटकात राहिलो, आणि नाटकातल्या सगळ्यांना आपापली कामं पाठ होती, एकटा नायक तेवढा ते घर समजून चहा मागत होता. दुःखाच्या तळाशी, खोल, आणखी एक लाजिरवाणी गोष्ट होती: त्याला स्वतःचा चेहरा आवडायचा. दाढी झाल्यावर हनुवटीवरून हात फिरवत तो माणिकप्पाच्या आरशापुढं जरा जास्त वेळ उभा राहायचा. ज्याच्यावर त्यानं प्रेम केलं तो माणूस अस्तित्वातच नव्हता, आणि तो गेला म्हणून कुणाला कळवायचीही सोय नव्हती.

"ऐक," तो म्हणाला. त्याचा आवाज सभेतल्यासारखा झाला. "आजपासून ह्या घरात खोटं बंद. कुणी कुणाला काही झाकायचं न्हाई. मदत न्हाई, दया न्हाई. फोटो ह्याच तोंडाचा निघंल. बोर्डावर हेच तोंड लागंल. बघू दे गुलबर्ग्याला. वाकडं हाय तर वाकडं. आन् माणिकप्पाला फोन करशील तर याद राख."

"बरं," ज्योती म्हणाली. "मग तो आकाशी शर्ट नका घालू. पोट दिसतंय."

"आजवर का न्हाई सांगितलीस?"

"आजवर खोटं चालू होतं."

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. भांडणात चहा थांबत नसतो ह्या घरात. शिवशंकर पांढरा शर्ट घालून, कडक बसून चहा पिऊ लागला. ज्योती समोर बसली. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, मग तिनं मान फिरवली, मग पुन्हा बघितलं. तिचा हात पदराकडं गेला आणि मांडीवर परत आला. दोन्ही हात तिनं एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

"काय?" तो म्हणाला.

"काई न्हाई."

"खोटं बंद म्हणलो ना?"

"चहा गळायलाय," ती म्हणाली. "डाव्या अंगानं. तिथलं तुमाला कळत न्हाई."

चहा झाला की ज्योती पदराचं टोक त्याच्या हनुवटीवरून फिरवायची. रोज, दोन्ही वेळा, पाहुण्यांसमोरसुद्धा, जाता जाता, हसत. ह्या वयातही बायको इतके लाड करते, असं त्यानं मित्रांत मिशीवर बोट फिरवत सांगितलं होतं. मित्र गप्प राहिले होते, त्याला वाटलं होतं जळतात. तो कप हातात धरून तसाच बसला. हनुवटीवर काहीच नव्हतं, म्हणजे काहीच कळत नव्हतं; पण पांढऱ्या शर्टाच्या पहिल्या बटणाखाली एक तपकिरी ठिपका उमटला, त्याच्याखाली दुसरा. तो स्वतःचा रुमाल शोधायला गेला. रुमाल घामानं आणि केसांनी भरलेला होता. त्यानं अंदाजानं हनुवटीवर बोट फिरवलं. कुठं फिरवलं हे त्याला कळलं नाही, आणि ज्योतीच्या डोळ्यांवरून दिसलं की चुकीच्या जागी फिरवलं. ती हलली नाही. दिलेला शब्द ती पाळत होती, आणि पाळताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाहेर मोटारसायकल थांबली. फोटोवाल्यानं फाटकाची कडी वाजवली आणि हाक दिली, "सावकार, हायत का घरात?"

"हाय, हाय, या," शिवशंकर ओरडला. मग आवाज खाली आणून, तिच्याकडं न बघता, त्यानं हनुवटी जराशी पुढं केली.

"ज्योती," तो म्हणाला, "तेवढं पूस की जरा."